दिवाळीनंतर बंद होणारी खिडकी

मित्रांनो, जन्मले ती उघडण्यासाठी आणि म्हातारी झाले ती बंद राहून, अशी मी दिग्रसच्या एका अरुंद बोळातली सागवानी खिडकी आहे.

मला सरदार मिस्त्रींनी घडवले. माणूस हाताचा पक्का, पण तोंडाचा मुका. त्यांची बायको अकीला मात्र भारी बोलकी. मिस्त्रींनी शक्कल लढवली आणि मला नेमके समोरच्या रुक्माबाईंच्या खिडकीपुढे बसवले. तेव्हापासून मिस्त्रींच्या कानांना आराम आणि मला काम मिळाले.

काय दिवस होते ते! बोळ इतका अरुंद, की हात लांबवला की वाटी समोर पोहोचायची. ईदचा शिरखुर्मा माझ्या गजांमधून तिकडे जायचा, संक्रांतीचा तिळगूळ इकडे यायचा. मिस्त्री गेले, त्या वर्षी रुक्माबाई रोज समोर बसून राहायच्या. दोघी कधी बोलायच्या, कधी नुसत्याच बसायच्या. आल्यागेल्याने माझ्या नक्षीचे कौतुक केले की मी आतल्या आत फुलून जायचे.

मग बोळामागे कापसाची सरकी काढणारी जिनिंग उभी राहिली. जिनिंग आली म्हणजे हातांना काम आले, मी तिला नावे ठेवत नाही. पण दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की ट्रक तासन्‌तास धूर ओकत उभे राहायचे. कापसाची बारीक धूळ उडायची आणि मागच्या पडीत जागेवर कचरा धुमसत राहायचा. अकीला सकाळी माझी चौकट पुसायची, दुपारी फडके पुन्हा काळे व्हायचे.

एका हिवाळ्यात चौकट पुसता पुसताच ती छाती धरून खाली बसली. तिचा मुलगा जमीर गॅरेज उघडे टाकून धावत आला आणि तिला यवतमाळला घेऊन गेला. हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, "धूर नुसता छातीत राहत नाही, रक्तात उतरून हृदयाला त्रास देतो. धुराच्या दिवसांत खिडकी उघडायची नाही."

जमीरने तिला घरी आणताच माझी कडी लावली. मला डॉक्टरांचा राग आला नाही. पण आता तो दिवसभर गॅरेजमध्ये असतो आणि अकीला अंधाऱ्या खोलीत एकटी. रुक्माबाईंचे गुडघे गेले, त्यांना पायरी उतरवत नाही. म्हणून दोघींनी एक रीत पाडली. सकाळी रुक्माबाई ओरडतात, "अकीला, हायेस का व?" आणि अकीला आतून माझ्या फळीवर बोटाने टकटक करते. दोघींचे तेवढेच बोलणे उरले आहे.

बोळातल्या सगळ्यांनी सह्या करून सरकारकडे अर्ज धाडला. हवा तपासायला साहेब आले, पण कधी? भर श्रावणात! जिनिंग बंद, पावसाने पाने धुतलेली. घरी पाहुणा आला म्हणून अकीलाने मला सताड उघडले आणि चहा ठेवला. साहेबांनी लांब श्वास घेतला.

"आजी, इथली हवा तर छान आहे."

आपल्या घराची तारीफ ऐकून भोळी अकीला हरखली. "हाय न, साहेब!"

"अव, काय हाय न!" समोरून रुक्माबाई कडाडल्या. "साहेब, दिवाळीनंतर या. मंग पाहा आमची हवा! ते कचऱ्याची आग बंद करा, जिनले धूळ धरायची मशीन लावाले सांगा. तिचं काळीज कमजोर हाय!"

साहेब हसले. चहा छान होता म्हणाले आणि गेले. हवा समाधानकारक, असे वरून उत्तर आले. त्या दिवशी अकीला माझे गज धरून रडली. "माह्याच तोंडानं बिघडलं, बाई," म्हणाली.

दिवाळी झाली आणि मी पुन्हा बंद झाले. यंदा संक्रांतीला रुक्माबाईंनी काठीच्या टोकाला तिळगुळाची पुडी बांधून माझ्या गजात अडकवली. संध्याकाळी जमीर येईपर्यंत ती काळवंडली होती.

मित्रांनो, माझी नक्षी झिजली, वाळवी लागली, त्याचे मला काही नाही. मला रंग नको. तुमच्या ओळखीत कोणी सरकारात असेल, तर एवढे सांगा, की हवा तपासायला कापसाच्या दिवसांत या आणि जे दिसेल त्याचा बंदोबस्त करा. मला उघडायचे आहे हो!

हल्ली टकटक उशिरा येते. आज रुक्माबाईंना दोनदा हाक मारावी लागली. तेवढा वेळ मी श्वास रोखून होते. ज्या दिवशी आतून बोट वाजणार नाही, त्या दिवशी रुक्माबाई हाका मारत राहतील. आणि मी लाकडाची, मला स्वतःहून वाजता येत नाही.