मामाचं लग्न आणि उरलेले सहा तास

आमच्या बेटावर चार बहिणी-भाषा होत्या. दोन मेल्या, थोरली सगळ्यांच्या तोंडी आहे आणि धाकटी फक्त दोघांना येते: माझ्या नोवुलमामाला आणि नदीपलीकडच्या उम्पोनआजीला. मी शाळेत शिकवते तीही थोरलीच. धाकटीचं पुस्तक काढायचं म्हणून वर्षभर खटपट करून मी रेकॉर्डर मिळवला आणि मामाला रोज आजीकडे गप्पा मारायला धाडलं. दहा तासांच्या गप्पा हव्या होत्या. चार तास झाले आणि या विधुराचा जीव आजीच्या मुलीवर जडला.

डुकरं कापली, चटया दिल्या, लग्न लागलं. आमच्यात जावयानं सासूशी एक शब्दही बोलायचा नसतो. माझे सहा तास गेले पाण्यात.

"मामा, पुस्तक होईपर्यंत तरी थांबायचंत!"

"साठीला आलो गं, अजून किती थांबू? तुझं पुस्तक मला रांधून वाढणार होतं का?"

"दंड भरू. माझं डुक्कर देते. पण बोला तिच्याशी!"

"तोंड सांभाळ. सासू आहे ती माझी."

तणतणत आजीकडे गेले. ती खोकत खोकत कंद किसत होती.

"जावयाशी बोलू? लाज आहे का, मास्तरीणबाई?" मग किसणी खाली ठेवून म्हणाली, "मधे माणूस असलं तर चालतं. मी तुला सांगते, तू त्याला सांग."

"पण मला कुठे येते धाकटी?"

"मग इतकी वर्षं कोणाची वाट बघत होतीस?"

मला नुसता राग आला.

दुसऱ्या दिवशी मधे चटई टांगून दोघं दोन बाजूंना बसली, कडेला मी. आजीचं एक वाक्य मी मामाला सांगितलं.

"काय बडबडलीस? पुन्हा विचारून ये."

सहाव्या खेपेला मामा डोळ्यांत पाणी येईतो हसला आणि त्यानं उत्तर दिलं. ते पोचवलं तर आजीही खो खो हसली.

"अहो, पण काय म्हणाले ते?"

"आधी नीट म्हणून दाखव, मग सांगते."

दुपारपर्यंत घसा बसला. रेकॉर्डर नदीत भिरकावावासा वाटला. घरी येऊन ऐकलं, तर त्या दोघांची मिळून वीस वाक्यं आणि बाकी सगळी अडखळणारी मीच. पुस्तकाला त्याचा कवडीचा उपयोग नव्हता.

सकाळी रेकॉर्डर घरीच ठेवला आणि नदी ओलांडून चटईपाशी जाऊन बसले.