तेल पुरेसं होतं

अकरा वर्षं शेडमध्ये पडून असलेल्या त्या जुन्या गाडीच्या पोटाखाली तिने चहाचं पातेलं सरकवलं आणि तेलाचा नट सोडला. पातेलंच का, तर इंजिनात तेल नव्हतंच, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तेल न बघता गाडी हाणली, इंजिन जाम केलं आणि वडिलांच्या, अण्णांच्या गाडीचा जीव घेतला, तो हिनेच. हा निकाल तिच्या दादाने दिला होता. दादा म्हणजे गॅरेजवाला, सगळ्यांचा उस्ताद. त्याच्यापुढे लायब्ररीत पुस्तकं लावणाऱ्या धाकट्या बहिणीचं कोण ऐकणार?

पातेलं भरलं. ती बादली आणायला धावली, तोवर फरशीवर थारोळं झालं. बादलीही निम्मी भरली. काळंकुट्ट होतं, पण तेलच होतं. ती तिथेच फतकल मारून बसली आणि रडली, आनंदाने वगैरे नाही, संतापाने. त्या दिवशी निघताना तेलाची कांडी पुसून बघितल्याचं तिला लख्ख आठवत होतं. पण लोकांनी इतक्यांदा सांगितलं, की शेवटी तीच म्हणायला लागली, नसेलही बघितली.

घरात मिक्सर बिघडला तरी कोणीतरी विचारायचं, "हिच्या हातात दिला होता का?" आणि सगळे खो खो हसायचे. तीही हसायची. अण्णा मात्र कधी हसले नाहीत. जाण्याच्या आठवडाभर आधी ते तिचा हात धरून म्हणाले होते, "मनाला लावून घेऊ नकोस गं, गाडीच ती." न केलेल्या गुन्ह्याची ती माफी तिला सगळ्यात जास्त लागली होती.

आता दादाने फर्मान काढलं होतं, की तीन महिन्यांनी पहिल्या रविवारी क्रेन येईल आणि गाडी भंगारात जाईल. "जागा अडवून बसलीय नुसती," तो म्हणाला. ती नुकतीच निवृत्त झाली होती. हातात वेळ होता आणि डोक्यात राग. तिने गाडीचं जुनं माहितीपुस्तक शोधलं, साखळीची कप्पी भाड्याने आणली आणि कंबर कसली.

इंजिन बाहेर यायला चार दिवस लागले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून तिने सुटे भाग मांडले आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधली. जेवण ओट्यापाशी उभ्याने. वहिनी एकदा डोकावली आणि नाकाला रुमाल लावून म्हणाली, "हे काय वय आहे का?"

"वयाचं माहीत नाही, पण पान्याचा नंबर चौदा आहे," ती म्हणाली, "तेवढा दे इकडे."

पिस्टनचे रॉड सोडताना ती थबकली. प्रत्येक रॉडच्या खाली लोखंडी कॅप असते, दोन बोल्टने आवळलेली, क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, मिठी मारून बसलेली. रॉडवर नंबर कोरलेला आणि त्याच्या कॅपवर तोच नंबर. इथे दोनच्या रॉडला तीनची कॅप होती आणि तीनच्या रॉडला दोनची. चौतीस वर्षं पुस्तकं नंबराने लावलेली बाई ती. असलं काही नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

गाडी बंद पडली त्याच्या दीड महिना आधी हे इंजिन खोलून नव्याने बांधलं होतं ते दादाने. केवढा गाजावाजा करून!

लेथवाल्याने क्रँक हातात घेऊन जळका भाग बोटाने चाचपला. "बाई, रॉड आणि कॅपची जोडी एकत्र बनवतात. अदलाबदल केली की बेअरिंग नीट बसत नाही. तेल कितीही घाला, चालता चालता जाम होणारच. बांधलं कोणी हे?"

"एका उस्तादाने."

"मग त्याला म्हणावं, आधी अंक शिक," लेथवाला म्हणाला आणि क्रँक घासायला लावला.

तिने दोन्ही जोड्या जुळवल्या. नवी बेअरिंगं, नव्या रिंगा, पुस्तकात सांगितल्याबरहुकूम आवळलेला एकेक बोल्ट. तरी क्रेनच्या आधीच्या शुक्रवारी किल्ली फिरवल्यावर इंजिनाने तोफेसारखा बार काढला आणि तिची पाचावर धारण बसली. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसवला होता. ही चूक मात्र तिची स्वतःची होती. तिने मोठ्याने ती कबूल केली, शेडमध्ये कोणी नसतानाही, आणि सगळं पुन्हा सोडलं.

रविवारी सकाळी क्रेनवाला दारात थांबला आणि दादा शेडमध्ये आला. ती स्टिअरिंगवर बसली होती. तिने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. दादा कान देऊन उभा राहिला. कुठे खडखड नाही, ठोका नाही.

"कोणाकडून बांधून घेतलंस?"

"मी बांधलं."

"काहीतरीच! बरं, सरक. एक चक्कर मारून बघतो."

तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि मोबाइलवरचा फोटो त्याच्यासमोर धरला. दोनचा रॉड, तीनची कॅप. दादाने तो बोटांनी मोठा करून बघितला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"घाईत झालं असेल," तो पुटपुटला. "माणूस आहे, चुकतो."

"चुकतो. मीही परवा चुकले. पण दादा, तू एवढा मेकॅनिक, अकरा वर्षांत हे इंजिन एकदाही का उघडलं नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "उघडलं असतं तर कळलं असतं ना."

तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण ओरडू. पण आवाज अगदी शांत निघाला. "अण्णा मला माफ करून गेले, दादा. तुझ्या चुकीसाठी."

दादाने डोळे पुसले. "काय करू, सांग. पाया पडू?"

"नको. गाडीत बस."

तो सवयीने स्टिअरिंगच्या दाराकडे वळला.

"तिकडून नाही."

तिने क्रेनवाल्याला हात जोडून परत पाठवलं आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. दादा तिच्या शेजारी अंग चोरून बसला. "कुठे जायचं?"

"काकूकडे. मग मामाकडे, मावशीकडे, अण्णांच्या मित्रांकडे. माझ्यामुळे गाडी गेली असं तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्या प्रत्येकाच्या दारात मी थांबणार. तू उतरायचं आणि खरं काय ते सांगायचं."

"सगळ्यांकडे? अगं, किती घरं होतील माहितेय?"

"माहितेय," तिने गिअर टाकला. "टाकी फुल्ल आहे."