कल्हई गेलेला गंज

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा. वैशाखातली दुपार आहे. वलगावच्या एका स्वयंपाकघरात पंखा गरम हवाच फिरवतो आहे. तुमच्यासमोर एका निर्दोष बाईला बोल लावला जातो आहे. खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला बोलता येत नाही. आलं डोळ्यांसमोर? मग आता माझी गोष्ट ऐका.

मी एक जुना पितळी गंज आहे. शहरातले लोक मला पातेलं म्हणतील. कौंडण्यपूरच्या यात्रेत मैनाबाईंनी मला टिचकी मारून, वाजवून घेतलं, तेव्हा त्यांच्या हातावरची हळद अजून गेली नव्हती.

या घरात रोजची भाकरी ज्वारीची. भात सणाचा आणि पाहुण्यांचा. मैनाबाई तांदळावर बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत पाणी घालत आणि ते सगळं मुरेपर्यंत झाकण उघडत नसत. सणाला गोळाभात. डाळीच्या भरड्याचे गोळे भातातच वाफवायचे आणि वाढताना वरून कडकडीत फोडणी ओतायची. त्यांचे यजमान खुशालराव म्हणत, "भात खावा तं याच गंजातला."

दरवर्षी देवमन कल्हईवाला यायचा आणि मला आतून कथलाचा पांढरा लेप द्यायचा. पुढे तो यायचा थांबला. लेप उडाला आणि माझं पिवळं अंग उघडं पडलं. मित्रांनो, असल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. हिरवा पडतो, पोटात गेला तर बाधतो. मैनाबाईंना हे पक्कं माहीत होतं. ताक किंवा चिंचेचं सार त्यांनी माझ्यात कधी ठेवलं नाही.

मग त्यांच्या मुलानं, शिवमनं, लग्न केलं. मुलगी ओडिशाची, सस्मिता. दोघं अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एकत्र शिकलेली. सस्मिताचा भात वेगळाच. भरपूर पाण्यात शिजवायची, पेज काढून टाकायची, निवलेला भात मातीच्या हंडीत पाणी घालून रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यात दही, मीठ, लिंबाचं पान. त्याला ती पखाळ म्हणायची.

"बाप्पा! रातचा भात पाण्यात?" मैनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं असा भात ढोराले टाकतात, सूनबाई."

"आई, हे शिळं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे हेच खातात."

खुशालरावांनी एकदा खाऊन पाहिला आणि मग रोज मागू लागले. मैनाबाईंना म्हणाले, "पोट कसं थंड राह्यते! तू काहून बनवत नाही वो असं?"

त्या दिवशी मैनाबाईंनी मला फार जोरात घासलं.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. एका वर्षी अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मैनाबाईंनी पितरांसाठी नवी घागर मांडली. तिच्याशेजारी भाताची मातीची हंडी त्यांना चालेना. पितळ घासून शुद्ध होतं, खरकटं मातीत मात्र मुरून राहतं, असं त्यांचं शास्त्र. सस्मिता कामावर गेली होती. मैनाबाईंनी हंडीतला भात माझ्यात ओतला आणि हंडी नेऊन अंगणात ठेवली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या लेखी तो भात होता. तो रात्रभरात आंबतो हे त्यांना कुठं माहीत? त्यांनी तो कधी चाखलाच नव्हता.

दुपारी खुशालराव जेवले. "आज तोंडाले कसंतरीच लागून राह्यलं," ते म्हणाले.

"शिळ्याले चव कोठून येईन?" मैनाबाई म्हणाल्या.

तासाभरात खुशालरावांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? सगळ्यांचं एकच उत्तर, रातचा भात.

मैनाबाई घरी आल्या आणि त्यांनी माझं झाकण काढलं. माझ्या कडेनं हिरवी रेघ होती. मग उरलेला भात उकिरड्यावर टाकून त्यांनी चिंच आणि राख घेऊन मला घासायला घेतलं. दारात सस्मिताची आठ वर्षांची लेक इशिता उभी होती. सकाळी आजीनं भात माझ्यात ओतला तेही तिनं पाहिलं होतं.

"हे हिरवं काय आहे, आजी?"

"काही नाही. कोणाले सांगू नको हं, बाई," आणि त्यांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सस्मिताला वाटलं, आपलाच भात नासला. ती खुशालरावांच्या पाया पडून रडली. आपली हंडी तिनं आपल्या हातानं फोडली आणि पुन्हा पखाळ केला नाही. मला माळ्यावर टाकलं. तिथल्या धुळीत मी वर्षभर एकच विचार केला. वेळेवर कल्हई झाली असती तर? मित्रांनो, घरातलं भांडं जपा. आणि एखादी चूक झाली तर ती घासून पुसून टाकू नका.

यंदा अक्षय तृतीयेला मला मोडीत द्यायला खाली काढलं. मी गेलो की त्या हिरव्या रेघेचा पुरावाही गेला. सकाळी इशिता माझ्याजवळ आली. एका स्टीलच्या डब्यात तिनं ताक ओतलं आणि तेच ताक माझ्यात. दोन्हींवर झाकण ठेवून ती खेळायला गेली.

दुपारी पंगत बसली. खुशालरावांची बहीण इंदूबाई आली होती. तिनं विचारलं, "काहून वं मैना, सूनबाई भात नाही करत?"

"नाही वो बाई. तिच्या हातचा भात आमाले बाधते."

सगळे हसले. सस्मिता खाली मान घालून वाढत राहिली.

इशिता आजीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. ती उठली. आधी डबा आणला, मग मला. आईच्या पायाशी ठेवून तिनं दोन्ही झाकणं काढली. डब्यातलं ताक पांढरं होतं. माझ्यातलं कडेनं हिरवं झालं होतं.

"आई, मागच्या साली तुझा भात याच्यात होता. आजीनं ओतला होता."

मग तिनं आजीजवळचं आपलं ताट उचललं, आईच्या रिकाम्या पाटाशेजारी मांडलं आणि आई येऊन बसेपर्यंत एक घासही घेतला नाही.