मठाच्या भिंतीपाशी

दुब्रोव्निकच्या जुन्या गावात, तटबंदीच्या आत, आता फार थोडी घरं नांदती उरली होती. लुत्सेचं त्यांतलंच एक, उभ्या पायऱ्यांच्या गल्लीत अगदी वर. मागच्या जुलैत भर दुपारी तिचा नवरा व्लाहो जेवता जेवता छाती धरून कोसळला. तटाच्या आत गाडी येत नाही. दोघं जण स्ट्रेचर घेऊन चालत आले. त्या दिवशी बंदरात पर्यटकांची एकदम चार जहाजं लागली होती. खालच्या मोठ्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्ट्रेचर हातभर पुढे सरकायचं की परत थांबायचं. लुत्से व्लाहोचा हात धरून शेजारी चालत होती. कुणी फोन उंच धरला होता, कुणी आइस्क्रीम चाटत बघत होतं. वेशीबाहेर गाडीपाशी पोचले तेव्हा डॉक्टरनं नुसती मान हलवली.

हात धरलेला असून तो कधी गेला हे आपल्याला कळलं नाही, हे तिच्या मनातून जाईना. कुणाच्या तरी धक्क्यानं ती क्षणभर वळली होती. कदाचित तेव्हाच.

या उन्हाळ्यात जहाजं लागली की ती खाली उतरायची आणि गर्दीतून त्याच वाटेनं वेशीपर्यंत जायची. गावातली माणसं त्या वेळी दारं लावून घरात बसत.

"वहिनी, हे काय खूळ घेतलंयस?" तिची नणंद काते म्हणाली. "तटाबाहेर माझ्याकडे ये राहायला. इथे धड पाव मिळत नाही, जिकडे तिकडे फ्रिजला चिकटवायची खेळणी."

"येईन. ती जागा सापडू दे."

"कसली जागा?"

"तो गेला ती."

कातेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिचा भाऊ होता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी गर्दी इतकी दाटली की लुत्सेचे पाय जमिनीला लागेनात. श्वास कोंडला. तेवढ्यात कुणीतरी तिचा हात धरला. खरबरीत, उबदार, तळव्याला घट्टे पडलेला हात. व्लाहोनं जन्मभर होडी वल्हवली होती. तिनं वळून पाहिलं नाही. धीरच झाला नाही. त्या हाताच्या आधारानं ती चालत राहिली. वेशीजवळच्या मठाच्या भिंतीपाशी ती बोटं हळूहळू सैल पडली आणि सुटली.

ती वळली. मागे सगळे परके चेहरे, सगळ्यांच्या नजरा वाटाड्यानं उंच धरलेल्या छत्रीवर.

"आपली बायको समजून हात धरला असेल कुणीतरी," सगळं ऐकून काते म्हणाली. "गर्दीत होतं असं."

"असेल," लुत्से म्हणाली. "पण जागा तीच."

त्यानंतर ती दुपारची खाली उतरली नाही. नणंदेकडे राहायलाही गेली नाही, आणि कातेनं पुन्हा विचारलं नाही.

नोव्हेंबरात जहाजं थांबली. एका रविवारी दोघी सकाळच्या प्रार्थनेला निघाल्या. रस्ता ओला आणि पार रिकामा होता. त्यांच्याच टाचा तेवढ्या वाजत होत्या. मठाच्या भिंतीशी आल्यावर लुत्सेनं कातेचा दंड धरून तिला कडेला ओढलं.

"थांब. जाऊ दे त्यांना."

"कुणाला, वहिनी?"

लुत्से रस्त्याकडे बघत राहिली; तिची नजर वेशीच्या दिशेनं हातभर पुढे सरकायची की परत थांबायची. काते भिंतीला पाठ लावून उभी राहिली. समोरून कुणीच गेलं नाही. तरी वहिनी "चल" म्हणेपर्यंत पाऊल उचलायची तिची छाती झाली नाही.