इन्शिराहचा मापाचा जग

मी एक जुना मापाचा जग आहे, आणि एक अख्खं संशोधन मी एकट्यानं वाचवलंय. तुमचा विश्वास बसणार नाही. नसेना का!

मित्रांनो, मी साच्यातून निघालो तो अंगावर मिलिलिटरच्या रेघा घेऊनच. अलेक्झांड्रियातल्या एका दवाखान्यात डॉक्टर राविया एक औषध तपासत होत्या. लघवी करताना महिनोन् महिने आग होते, पण तपासणीत जंतू सापडत नाहीत, अशा बायकांसाठी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना साखरेची. कोणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. त्याआधी आठवडाभर घरी लघवी मोजायची आणि शेवटी दुखणं शून्य ते दहामध्ये सांगायचं. चारच्या खाली सांगेल तिचं नाव कमी.

मी गेलो इन्शिराहकडे. कोळ्यांची जाळी विणणारी बाई. दिवसातून तीसदा हातातली सुई टाकून उठायची. माझी पहिली रेघसुद्धा भिजायची नाही, आणि ती मात्र भिंतीला धरून ओठ चावत बसायची.

आठवड्यानं मला घेऊन ती दवाखान्यात आली.

"मावशी, दुखणं कितपत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अल्हम्दुलिल्लाह, उत्तम!"

आमच्याकडे पाय मोडलेला माणूसही असेच देवाचे आभार मानून हेच सांगतो. डॉक्टर इथल्याच, त्यांना कळत होतं. पण कागदावर बाई सांगेल तोच आकडा.

"आकडा सांगा ना, मावशी."

"देवानं दिलेल्याला आकडा कसला लावायचा? लिही शून्य."

"अहो, मग औषध मिळायचं नाही तुम्हाला! अशाच अकरा जणी गळाल्यात. आणखी एक गळाली तर हे कामच बंद करावं लागेल."

"शून्यच लिही." डॉक्टरांनी पेन उचललं.

तेव्हा मी टेबलावरून टुणकन उडी मारली आणि गरजलो, "नऊ! हिचं दुखणं नऊ आहे!" माझा आवाज पार बंदरात गेला. बोटींनी भोंगे वाजवले. डॉक्टरांनी मला सलाम ठोकला आणि नऊ लिहिलं.

आता माझा कान तुटलाय, रेघा पुसल्यात. कपाटावर धूळ खात असतो. म्हणून सांगतो मित्रांनो, दुखणं लपवू नका, आणि माझ्यासारख्या शूर जगाला—

"ए थापाड्या!" नव्या बायकांना आकडा सांगायचं समजवायला दवाखान्यात आलेली इन्शिराह मला नळाखाली विसळता विसळता ओरडली. "गरजलास म्हणे! घरंगळून पडलास तू. तुला उचलायला वाकले तर अशी कळ आली, की बोलले ती मी. आधी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, आणि मग नऊ!"