दोरीच्या अलीकडे

“अहो, दही माझ्या मांडीवर आहे, जरा हळू!” विभावरीबाई ओरडल्या.

खरं तर गुणवंत देवस्थळी मुळातच इतके हळू चालले होते की पाण्याचे टँकरसुद्धा हॉर्न देत पुढे निघून जात होते. दुबईत चोवीस वर्षं गाडी चालवून त्यांनी चाकाला कधी डांबर सोडू दिलं नव्हतं. खोर फक्कानला समुद्र बघायला गेले तरी गाडी पार्किंगच्या पांढऱ्या रेघांमध्ये, आणि स्वतः गाडीच्या आसपास. असा माणूस आज भल्या पहाटे अल बर्शातला फ्लॅट सोडून वाळवंटातली मोटार रॅली बघायला निघाला होता.

कारण त्या रॅलीत त्यांची मुलगी होती.

मुग्धाने वर्षापूर्वी ऑडिट फर्ममधली चांगली नोकरी सोडली आणि झारा नावाच्या अमिराती मैत्रिणीच्या रॅलीच्या गाडीत ती नॅव्हिगेटर झाली. म्हणजे गाडी झारा चालवणार आणि मुग्धा शेजारी बसून रस्ता सांगणार, डावीकडे घे, पुढे उतार आहे, वगैरे. गुणवंतरावांना राग यायला एवढंच पुरेसं होतं. “एवढं सीए होऊन बाजूच्या सीटवर बसायचं? ते तर तुझी आईपण करते!” घरात आठवडाभर महाभारत झालं. शेवटी तह ठरला. एक रॅली करायची. शेवटच्या दिवशी शेवटच्या रेषेपर्यंत पोचली, तर बाबा पुन्हा एक शब्द बोलणार नाहीत. नाही पोचली, तर मुकाट्याने नोकरी शोधायची. “डील,” मुग्धा म्हणाली.

“आणि मी बघायला येणार नाही,” हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. ऊद मेथाच्या महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की ते अजूनही “ती ऑडिटलाच आहे” असं ठोकून देत. रॅली सुरू झाल्यापासून मात्र ते रोज बाथरूममध्ये फोन घेऊन जात आणि ती कितव्या नंबरवर आहे ते बघून बाहेर येत. विभावरीबाईंना हे ठाऊक होतं. त्या काही बोलल्या नाहीत, कारण इतक्या वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आज शेवटचा दिवस होता. मुग्धाची गाडी अजून शर्यतीत होती, पण मागे पडली होती. काल रात्री गुणवंतरावांनी स्वतःच्या हाताने दही विरजलं.

मुग्धाच्या प्रत्येक परीक्षेला तिच्या तळहातावर दही-साखर ठेवायचं काम बाबांचं होतं. शाळेच्या फाटकासमोर, मागे गाड्यांची रांग तुंबली तरी ते चमचाभर दही दिल्याशिवाय तिला उतरू देत नसत. या वेळी निघताना ती बूट घालून दारात बराच वेळ उभी राहिली होती. बाबा सोफ्यावर बसून एसीचा रिमोट दुरुस्त करत होते, आणि रिमोट बिघडलेला नव्हता. हे आठवलं की त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

“गाडी आली की खिडकीतून पटकन हातावर ठेवतो,” ते म्हणाले.

“अहो, ती काय स्कूल बस आहे?”

“टेकडीवर सगळे हळूच जातात. मी व्हिडिओ बघितलेत.”

प्रेक्षकांची जागा एका उंच टेकडीवर होती. देवस्थळींनी गाडी रस्त्याला लागून कडक जमिनीवर लावली, दोनदा खाली वाकून बघितलं आणि मग बूट वाळूत रुतवत दोघं वर चढले. वर दोरी बांधलेली होती. दोरीपाशी पिवळं जाकीट घातलेला हम्माद नावाचा तरुण मार्शल सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. दोरी ओलांडायची नाही. गाडी अडकली तर हात लावायचा नाही. पाण्याची बाटलीसुद्धा द्यायची नाही. बाहेरच्या माणसाने मदत केली की ती गाडी बाद. “खलास!”

शेजारी मुश्ताक नावाचे पेशावरकडचे एक गृहस्थ थर्मासमधून चहा ओतत होते. त्यांनी विचारलं, “आपका कोई है रॅलीमें?”

“नहीं नहीं,” गुणवंतराव म्हणाले. “बस ऐसेही.”

विभावरीबाईंनी मान वळवून दुसरीकडे बघितलं.

गाड्या येऊ लागल्या. समोरच्या कड्यावरून एकेक गाडी उसळायची, खालच्या खोलगट भागात उतरायची आणि गुरगुरत चढून दोरीजवळून निघून जायची. हळू तर कुणीच जात नव्हतं. चमच्यातलं दही घेऊन उभे असलेले गुणवंतराव हळूहळू ओशाळत चालले होते.

मग झाराची निळी गाडी कड्यावर आली, जरा तिरकी झाली आणि खाली मऊ वाळूत नाक खुपसून थांबली. चाकं फिरली, वाळू उडाली आणि गाडी आणखीच बसली.

दार उघडलं. हेल्मेट घातलेली एक बुटकी आकृती खाली उतरली आणि फावडं घेऊन चाकापाशी गुडघ्यांवर बसली.

“मुग्धा!” असा आवाज टेकडीभर गेला. गुणवंतराव दोरीखालून वाकून पलीकडे पोचले होते, हातात चमचा तसाच. आपण काय करतोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पोर सायकलवरून पडली की धावायचं, एवढंच त्यांच्या पायांना माहीत होतं.

आकृतीने मान वर केली. “बाबा? बाबा, नो! स्टॉप! मागे जा! हात लावलास तर आम्ही बाद!”

हम्मादने त्यांना दंडाला धरलं. “अंकल, प्लीज. यल्ला, बॅक.”

ते मागे आले. दोरी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. चमचा कलंडला होता आणि दही त्यांच्या मनगटापर्यंत ओघळलं होतं.

खाली मुग्धा खणत होती. एका चाकाची वाळू काढायची, दुसऱ्याकडे रांगत जायचं, टायरमधली हवा कमी करायची, चाकाखाली लांब फळ्या सरकवायच्या. झाराने गाडी हलवून बघितली. ती वीतभर सरकली आणि पुन्हा बसली. मुग्धाने फळ्या उपसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वरून एकामागून एक गाड्या निघून चालल्या होत्या.

“तुम्हाला तर हेच हवं होतं ना?” विभावरीबाई हळूच म्हणाल्या. त्यात टोमणा होता, पण त्यांचेही डोळे मुग्धावरून हलत नव्हते.

गुणवंतरावांनी दोरी आणखी घट्ट धरली. पोरीची गणितं सोडवून दिली, दप्तर उचललं, नोकरीच्या मुलाखतीला तीनदा रस्ता बघून आले. आज तिला खरी गरज होती, आणि काही न करणं एवढीच मदत त्यांच्या हातात होती. इतकं अवघड काम त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. “निघू दे रे बाबा,” ते पुटपुटले. “एकदा निघू दे. ती अट-बिट गेली खड्ड्यात.”

“आपकी बेटी है?” मुश्ताकांनी विचारलं.

“हां. मेरी है. नॅव्हिगेटर है. रास्ता वही बताती है,” गुणवंतराव एका दमात म्हणाले.

तिसऱ्यांदा गाडी डुलली, फळ्यांवर चढली आणि सुटली. टेकडीवर आरडाओरडा झाला. मऊ वाळूत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून झाराने गाडी थेट चढ चढवून दोरीजवळच्या जरा कडक वाळूवर आणून उभी केली. मागून मुग्धा दोन्ही फळ्या काखोटीला मारून धापा टाकत चढ चढत होती. ती बाबांच्या अगदी समोरून गेली. चेहरा लालबुंद, भुवयांवर वाळू.

थांबायला वेळ नव्हता. तरी ती ओरडलीच, “बाबा, टोपी कुठेय? ऊन बघ किती आहे! आई, ह्याला टोपी घाल!”

फळ्या आत गेल्या, दार लागलं. चाकं जागच्या जागी जोरात फिरली आणि वाळूचा मोठा लोट दोरीवर येऊन आदळला. लोक हसत, ओरडत मागे पळाले. गुणवंतराव जागचे हलले नाहीत. लोट खाली बसला तेव्हा त्यांचे केस, चष्मा, शर्ट, दह्याचा हात सगळं एकाच रंगाचं झालं होतं, आणि निळी गाडी पुढच्या टेकडीवर पोचली होती.

“अहो, झटका ते,” विभावरीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

“राहू दे.”

मुश्ताकांनी ओला रुमाल पुढे केला. “लो भाईसाब, मुँह पोंछ लो.”

“रहने दो,” गुणवंतराव म्हणाले. “बेटीने उडाई है.”

पुढची गाडी गुरगुरत वर आली, तेव्हा मात्र ते सगळ्यांबरोबर लगबगीने मागे सरकले. दुसऱ्या कुणाची वाळू त्यांना अंगावर नको होती.