सहावा दगड

कवळीवाल्यांची बायको दगड चाटायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून दिल्या, त्यामुळे गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी घडवलेलं हसू हसत होती. कवळीला चकाकी आणायच्या यंत्रावर त्यांनी एकदा गंमत म्हणून नदीतली गारगोटी धरून पाहिली आणि तिथून माणूस कामातून गेला. त्याला तीस वर्षं झाली. मागच्या खोलीत आधी दगड कापायची करवत आली, मग खरखरीतपासून मऊपर्यंतची सहा चाकं, मग दगडांचे खोके, मग खोक्यांवर खोके. लेक सासरी गेल्यावर तिच्या खोलीत पाहुणे झोपतील असं ठरलं होतं. झोपले दगड.

बाई छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. दोनशे पानांत कुठे एक टिंब राहून गेलं असलं तरी त्यांच्या डोळ्यांतून सुटायचं नाही, आणि ती नजर घेऊनच त्या दर रविवारी नवऱ्याबरोबर पुलाखालच्या नदीत उतरायच्या. नदीला पाणी कमी आणि गोटे फार. सुकलेले गोटे सगळे सारखेच दिसतात, मळकट आणि मुके. ओला केला की मात्र घासून चकचकीत झाल्यावर दगड कसा दिसेल ते घटकाभर कळतं. कवळीवाले त्यासाठी पाण्याची फवाऱ्याची बाटली न्यायचे. बाई दगड रुमालाला पुसायच्या आणि सरळ जीभ लावायच्या.

“अगं, जंत होतील पोटात!”

“तुम्ही केलेल्या कवळ्या लोकांच्या तोंडात जातात तेव्हा मी काही बोलते का? माझे दगड माझ्या तोंडात.”

बाटलीने नुसता रंग कळतो, जिभेला दगडाची जात कळते, असं त्यांचं म्हणणं होतं. कच्चा, भुसभुशीत दगड जिभेला चिकटतो. अकीक, म्हणजे आत रंगांची नक्षी दडलेला गारेचा दगड, चिकटत नाही, गार आणि गुळगुळीत लागतो. कवळीवाल्यांना आवडायचा तो शेवाळी अकीक, आत हिरवं रान पसरलेला. बाईंना पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा-तांबूस आवडायचा. शोधायचं बाईंनी आणि कापायचं नवऱ्याने, अशी वाटणी आपोआप पडली होती, आणि ती पडली हे कवळीवाल्यांचं नशीब. कवळीवाल्यांनी स्वतः मोठ्या तोऱ्यात उचलून आणलेला दगड कापला की आत हमखास सिमेंटसारखं काहीतरी निघायचं. बाई त्यावर एक अक्षर बोलत नसत. नुसत्या बघत. ते जास्त झोंबायचं.

गेल्या वर्षी बाईंना ओळीतला मधलाच शब्द दिसेनासा झाला. मग घड्याळाची कड दिसायची, काटे दिसायचे नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं, कडेचं दिसतंय ते बहुतेक राहील, मधलं गेलं ते परत येणार नाही.

घरी येताना बाई रिक्षात म्हणाल्या, “तुमचे कान तेवढे दिसतात मला. मधला माणूस गायब.”

“कान चांगले आहेत माझे,” कवळीवाले म्हणाले. दोघंही हसले.

त्यानंतर आठ महिने बाई नदीवर गेल्या नाहीत. “मी तिथे येऊन काय करू? तुमच्या पिशवीची राखण?” त्या रडत नव्हत्या, चिडत नव्हत्या. स्वयंपाक करायच्या, रेडिओ ऐकायच्या, लेकीशी फोनवर गप्पा मारायच्या. फक्त एवढंच होतं की आता त्यांना कशात काही सापडत नव्हतं. दुधातला केस नाही, शर्टाचं तुटलेलं बटण नाही, नवऱ्याच्या बोलण्यातली खोडसुद्धा नाही. कवळीवाल्यांच्या जिवाला खरा घोर लागला तो तेव्हा. ही बाई शोधून काढणारी होती. तिला पुन्हा काहीतरी सापडलं पाहिजे, नाहीतर ती अशीच बसून राहील, या विचाराने त्यांना काही सुचेना. करवतीवर धूळ साठली.

मग एका गुरुवारी सुचलं. आणि सुचलं ते असं की आपल्याला हे आधी का सुचलं नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

टेबलाखालच्या खोक्यात, ‘पुढे कधीतरी’ म्हणून जपलेले काही न कापलेले दगड होते. त्यातले पाच उत्तमातले उत्तम त्यांनी काढले. शनिवारी जाऊन ते नदीत पेरायचे, रविवारी बाईंना नेमकं तिथे नेऊन बसवायचं. साधा बेत. अडचण एकच होती, वर्षानुवर्षं करवतीजवळ राहून दगडांवर तेलकट मळ बसला होता. कवळीवाल्यांनी फार विचार केला नाही. हाताशी कवळ्या धुवायच्या पावडरीचा जुना डबा होता, तेल काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. बादलीभर पाण्यात मूठभर पावडर टाकून त्यांनी पाचही दगड दोन दिवस भिजत घातले, दातांच्या ब्रशने भेगाभेगांतून घासले, वर थोडा चिखल चोपडला. सुरेख काम झालं. त्या पावडरीला पेपरमिंटचा दणदणीत वास होता, पण चाळीस वर्षं कवळ्यांच्या रसायनांत बसून कवळीवाल्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं.

रविवारी ते म्हणाले, “मला एकट्याला जायचा कंटाळा येतो. तू नुसती ये. हवा खा.”

बाई आल्या. उतरताना त्यांनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता. पूर्वी याच उतारावर त्या पुढे असायच्या आणि हे मागून “जपून, जपून” ओरडायचे. कवळीवाल्यांनी त्यांना बरोब्बर जागेवर नेलं, घडीचं स्टूल मांडलं आणि आपण चार पावलांवर उगाच गोटे उलटेपालटे करत बसले. लक्ष सगळं इकडे.

थोडा वेळ बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग हात आपोआप खाली गेला, गोट्यांवरून फिरला. एक उचलला, टाकला. दुसरा उचलला, टाकला. तिसऱ्यावर बोटं थांबली. कवळीवाल्यांच्या हातातला गोटा हातातच राहिला, कारण तिसरा त्यांनी पेरलेला होता. बाईंनी तो रुमालाला पुसला आणि जीभ लावली.

आणि थांबल्या. दगड तोंडापुढे तसाच धरून त्या नवऱ्याच्या दिशेने वळल्या.

“काय गं? कसा आहे?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “ठेवा पिशवीत.”

दुसराही तसाच सापडला. तो चाटल्यावर त्यांचे ओठ थरथरले. आनंदाने, कवळीवाल्यांनी मनाशी नोंद केली. पण मग बाई स्टुलावरून उठल्या, सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि रांगत रांगत पुढे सरकायला लागल्या. उचलायचा, पुसायचा, चाटायचा, फेकायचा. मधे आणखी तीन न बोलता पिशवीत टाकले. मग पेरलेली जागाही मागे पडली.

“अगं, तिकडे काही नाही! इकडे बस, इकडे चांगले आहेत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

कवळीवाले हातातला गोटा निरखून पाहायला लागले.

ऊन चढलं, तरी बाई उठेनात. आठ महिने ज्या बाईला खिडकी उघडायचाही उत्साह नव्हता, ती तासभर गोट्यांत लोळण घेत होती, आणि तिच्या हनुवटीला चिखल लागला होता. शेवटी एक मूठभर आकाराचा दगड त्यांनी दोनदा चाटला, नखाने खरवडला, कानाशी नेऊन दुसऱ्यावर आपटून पाहिला. तो त्यांनी पिशवीत टाकला नाही. घरी येईपर्यंत हातातच धरला.

कवळीवाल्यांनी घरी येऊन पिशवी मोजली. पाच. आणि बाईंच्या हातातला धरून सहा. पेरलेले तर पाचच होते.

“आधी हा कापा,” बाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीत आपल्या जुन्या जागी, दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

करवत सुरू झाली. पाण्याची बारीक धार पात्यावर पडत होती, दगड हळूहळू आत सरकत होता, आणि कवळीवाल्यांना त्या आवाजाने इतकं बरं वाटत होतं की त्यांना दगडाशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. दोन फाकी वेगळ्या झाल्या. त्यांनी एक उचलून दिव्याखाली धरली.

राखाडी. ना पट्टे, ना वर्तुळं, ना शेवाळ. नुसता राखाडी.

“काय निघालं?”

बाई पुढे वाकल्या होत्या. चेहरा असा उघडा, असा वाट पाहणारा, की त्या चेहऱ्याला ‘काही नाही’ म्हणायला दगडाचंच काळीज लागलं असतं. कवळीवाल्यांकडे ते नव्हतं.

“अगं, काय सुंदर आहे! तांबूस. पिवळे पट्टे, एकात एक. मधे तर—”

“कवळीवाले.”

एकेचाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांना या नावाने मोजून तीन-चार वेळाच हाक मारली होती, आणि त्यातली एकही वेळ बरी नव्हती.

“पिशवीतला एक दगड घ्या. कुठलाही. आणि चाटा.”

“मी?”

“तुम्हीच.”

तीस वर्षं ज्यांनी जंतांची भीती घातली, त्या माणसाने पिशवीतून दगड काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि जिभेचं टोक लावलं. मग तोंड मिटून बसले. नाक गेलं असलं तरी जीभ शाबूत होती.

“कसली चव आहे?”

“पेपरमिंटची,” कवळीवाले खालच्या आवाजात म्हणाले.

बाईंना हसू फुटलं. नदीवर दाबलेलं सगळं बाहेर आलं, त्या स्टुलावर डुलत डुलत हसल्या, डोळे पुसले. आणि मग हसणं थांबलं.

“पहिला चाटला ना, तेव्हा इतका राग आला होता मला! वाटलं, हे मला लहान मुलासारखं खेळवतायत. उठून निघूनच जाणार होते. मग लक्षात आलं, डोळे असते तर मी फसले असते. तुम्ही चिखल काय छान लावला होता, हाताला कळत होतं. पण जीभ फसली नाही. मग म्हटलं, पेपरमिंट नसलेला एक तरी मिळवल्याशिवाय उठायचं नाही.”

“मला वाटलं तुला बरं वाटेल,” कवळीवाले म्हणाले.

“वाटलं की. फार वाटलं. तुम्ही माझ्यासाठी दगड धूत बसलात, मला काय कळत नाही?” बाईंनी चाचपडत त्यांचा ओला हात धरला. “पण आता मला जे काही दिसणार ते तुम्ही सांगाल म्हणून दिसणार. तुम्हीच गोड गोड सांगायला लागलात तर मी बघू कशाने?”

कवळीवाल्यांनी फाक पुन्हा दिव्याखाली धरली.

“राखाडी आहे,” ते म्हणाले. “साधा. काही नाही त्यात.”

“राखाडी म्हणजे कसा? नीट सांगा.”

राखाडी तो राखाडी, त्यात काय सांगायचं, असं कवळीवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका साध्या दगडाकडे चांगली पाच मिनिटं पाहिलं.

“सगळीकडे सारखा नाहीये. कडेला फिका, चुलीतल्या राखेसारखा. आत जाताना गडद होत गेलाय. तुझी ती जुनी शाल होती ना, तसा.”

“शाल निळसर होती.”

“मग शालीसारखा नाही. निळा नाहीये अजिबात. मधे एक ठिपका आहे, मोहरीएवढा. पांढरा. आणि चिरा नाही एकही, सगळा घट्ट आहे. घासला तर चकाकी धरेल.”

“मग घासा. सहाही चाकांवर घासा,” बाई म्हणाल्या. “माझा आहे तो.”

कवळीवाल्यांनी मान हलवली, मग ती बाईंना दिसली नसणार हे आठवून “हो” म्हणाले. आवाज जरा घोगरा आला. बाईंनी मान तिरकी केली आणि कडेच्या नजरेने त्यांच्याकडे पाहायचा प्रयत्न केला.

“तुमचे कान लाल झालेत. रडताय का?”

“छे,” कवळीवाले म्हणाले. करवतीवरचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं. “हो. रडतोय.”